शकूची मुराळीण

शकू, आधी आपलं भांडण मिटवू, मग बाकीचं बोलू. मोठ्या तळ्याला भरावावरनं गेलं की वाट जवळची पडते असं तू म्हणायचीस, आणि मी म्हणायचे, काठाकाठानं गेलेलं बरं. तेहतीस वर्षं आपण दोघी यावर तोंड वाजवत होतो. काल मी ती वाट पुन्हा चालले आणि कळलं, की आपण दोघीही येड्या होतो. तिसरीच एक वाट आहे, दोन्हींपेक्षा जवळची. कुणी दाखवली ते सांगते, पण जरा दम धर. जिवंतपणी तुला कधी धीर नव्हता, आता तरी धर.

तू गेल्याला महिना उलटला. घरी भेटायला येणारी माणसं म्हणतात, शकू म्हणजे गरीब गाय हो, कधी कुणाला उलटून बोलली नाही. मी मान हलवते. गेलेल्या माणसाला देव करायची लोकांना भारी घाई असते. त्यांनी तुला खिंडीत बघितलं नव्हतं. दगडावर बसून सासूची नक्कल करताना, चपलेतला काटा काढता काढता आख्ख्या भावकीचा उद्धार करताना, 'वैनी, तुमी चालताय का पेरनी करताय?' असं मला भर उन्हात टोचून बोलताना कुणी बघितलं नव्हतं. ती शकू फक्त मला माहीत. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. आपलंही पटायचं नाही, पण ते चालता चालता आणि वर्षातनं एकच दिवस.

ही वाट आपल्या नशिबी आली ती एका कानामुळं. तुला ठाऊक आहे, पण मला पुन्हा सांगू दे, कारण दर वेळी तू मधे तोंड घालायचीस आणि गोष्ट कधी धड पुरी होऊ द्यायची नाहीस.

तुझं लग्न तुझ्या सासरच्या दारात लागलं, त्यात मी नव्हते. तुझी भावजय होऊन मी त्या घरात आले ती त्यानंतर दोन वर्षांनी. पण कानपिळीचा किस्सा इतक्या जणांकडून ऐकलाय, की मीच मांडवात उभी होते असं वाटतं. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, माझ्या बहिणीला नीट सांभाळ असा लटका दम द्यायचा आणि टॉवेल-टोपीचा मान घ्यायचा. चार माणसं हसतात, झालं. पण तुझे दादा म्हणजे सगळं मनापासून करणार. एकुलती एक बहीण, डोळ्यांत पाणी आणि हात नांगराचा. त्यांनी कान असा पिळला, की दाजी भर मांडवात 'आई गं' म्हणून ओरडले. सगळा मांडव हसला आणि ते हसणं तुझ्या सासऱ्यांना झोंबलं. त्यांनी टॉवेल-टोपी हातात न देता अंगावर फेकली. म्हणाले, 'घे आन् चालता हो.' दादांनी टोपी उचलली नाही. 'ह्या घराच्या उंबऱ्यात पाय ठेवनार न्हाय,' एवढं बोलून ते बाहेर पडले आणि बोललेलं पाळलं. एक कान, पाच मिनिटं आणि छत्तीस वर्षांचा अबोला. आपल्याकडच्या गडीमाणसांना अशी शपथ घ्यायला वेळ लागत नाही, निभावायची मात्र बायकांनी.

झळ तुलाच बसली. नागपंचमीला सासुरवाशीण आपली आपण उठून माहेरी जात नाही, न्यायला मुराळी यावा लागतो, आणि मुराळी म्हणजे भाऊ. मामंजी, म्हणजे तुझे वडील, दम्याचे, त्यांना ओढ्यापलीकडं जाववत नव्हतं. दोन पंचम्या तू आली नाहीस. मी नवी नवी नांदायला आले आणि श्रावण लागल्यावर बघते तर आत्याबाई, तुझी आई, दारात टेकड्यांकडं डोळे लावून बसलेल्या. निवडायला घेतलेले तांदूळ तसेच पुढ्यात. मला काही ते बघवेना.

मी म्हटलं, 'आत्याबाई, मी जाते शकूला आणायला.'

'तू? बाईमानूस मुराळी? लोकं हसत्याल.'

'हसू द्या की. दात तरी दिसतील.'

तुझे दादा गोठ्यात होते. ऐकलं असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले तर माझ्या पिशवीत राजगिऱ्याच्या वड्यांचा पुडा. बाजारातनं कधी आणला होता देव जाणे.

तुझ्या गावात पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि मुरमानं टाचा सोलवटल्या होत्या. ओट्यावर तुझे सासरे. मला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाले, 'तुमच्या घरात गडीमानूस न्हाय व्हय?' मी तेव्हा एकवीस वर्षांची. घाबरायला हवं होतं. पण एवढी खिंड एकटीनं चढून आल्यावर माणसाला भलताच जोर येतो. मी म्हटलं, 'हाय की मामा. पर त्येनं कान धरला की तुमच्याकडची मानसं वरडत्यात, म्हनून मला धाडलंय.'

आत भांडं पडलं. ते तुझ्या हातातनं पडलं होतं, हे तू मला नंतर सांगितलंस. दाजींनी मान खाली घातली, पण त्यांचे खांदे हलत होते. म्हाताऱ्यानं मिशीवरनं हात फिरवला आणि आत आवाज दिला, 'च्या टाका गं. मुराळीन आलीया.' त्या दिवसापासनं मी दोन्ही गावांची मुराळीण झाले. अंगणवाडीत तीस वर्षं नोकरी केली, पण बाई म्हणून ओळखणारे कमी, मुराळीण म्हणणारे जास्त.

सोलापूर म्हटलं की लोकांना सपाट रान आणि रणरणतं ऊन दिसतं. आमच्या बार्शीकडच्या टेकड्या त्यांना सांगूनही पटत नाहीत. तुझं गाव सोडलं की मोठं तळं, मग चढ, चढावर खिंड, खिंडीत शेंदूर फासलेला म्हसोबा, पलीकडं उतार, उताराखाली धाकटं तळं, मग ओढा आणि आपलं गाव. चौदा-पंधरा किलोमीटर भरेल. बायकांच्या चालीनं पाच तास, तुझ्यासारखी वारं प्यालेली सोबत असली तर साडेचार. अवघड काही नाही. खिंडीच्या चढावर तेवढी छाती भरून येते. मी तृतीयेला एकटी यायची, रात्री तुझ्याकडं मुक्काम करायची आणि चतुर्थीला सकाळी आपण दोघी निघायचो. माळावर तरवड पिवळाधमक, रानात उडीद-मूग फुलावर आलेले, डोक्यावर टिटव्यांचा कालवा. भरावाच्या अलीकडं आपलं भांडण सुरू व्हायचं, कुठल्या अंगानं जायचं. एका वर्षी तुझ्या मनासारखं, एका वर्षी माझ्या. घड्याळ दोघींकडंही नव्हतं, म्हणून निकाल कधी लागला नाही.

पंचमीच्या आदल्या दिवशीची चतुर्थी म्हणजे भावाचा उपास. तू कडक, पाण्याच्या घोटावर. मला भाऊच नाही, त्यामुळं उपास नाही. म्हसोबापाशी बसून मी तुझ्यासमोर भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खायची, आणि खाता खाता चिडायची. 'जो भाऊ तुझ्या दारात पाय ठेवत नाही, त्याच्यासाठी पोट मारतीस? काही लाज?' तू पदरानं वारा घेत म्हणायचीस, 'उपास माजा हाय वैनी, त्येचा न्हवं. त्येनं यावं म्हनून करत न्हाय मी. त्यो हाय म्हनून करते.' मी पुढचा घास तोंडात घालायची. 

खिंड ओलांडली की तुझा डोक्यावरचा पदर आपोआप खांद्यावर यायचा. अलीकडं सून, पलीकडं लेक. चालसुद्धा बदलायची तुझी, हात हलवत चालायचीस. मी मात्र दोन्ही अंगांना सूनच. आपल्या सासरातनं नणंदेच्या सासरी जायचं आणि पुन्हा आपल्या सासरीच परत यायचं. तू एकदा म्हणालीस, 'तुमाला कुटं पदर काढता येतोय, वैनी?' मी म्हटलं, 'हितंच, खिंडीत.' आणि काढला. त्या दिवशी आपण दोघी बोडक्या डोक्यानं धाकट्या तळ्यापर्यंत उतरलो आणि गुराख्यांनी बघितलं तरी बघू दिलं.

आणि ते दुष्काळाचं वर्ष! आपली खूण एकच, धाकटं तळं दिसलं की डाव्या हाताला वळायचं. त्या वर्षी तुझ्या धाकट्या जावेचं काहीतरी प्रकरण निघालं होतं, तू सांगत होतीस, मी तोंडात बोटं घालत होते. चालतोय, चालतोय, तळं काही येईना. गुडघ्याएवढ्या कडवळाच्या वैरणीतनं वाट काढत आपण पुढं गेलो. तू म्हणालीस, 'वाट चुकलो.' मी म्हटलं, 'मी चुकत नसते, तुझ्या जावेमुळं झालं.' शेवटी शेरडं राखणारी एक म्हातारी दिसली. मी विचारलं, 'मावशी, तळं कुठं हो?' तिनं काठी टेकली आणि म्हणाली, 'तळ्यातच हुब्या हायसा की गं बायांनो!' पाणी आटलेलं, गाळात लोकांनी कडवळ पेरलेलं, आणि आपण तळ्याच्या मधोमध उभ्या राहून तळं शोधतोय. तू खालीच बसलीस. हसता हसता म्हणालीस, 'नगा हसवू वैनी, पोटात कायबी न्हाय, आतडी तुटत्याल.' इतकी मी आयुष्यात पुन्हा कधी हसले नाही.

पुढं रस्ता झाला. एस.टी. लांबचा वळसा घालून का होईना यायला लागली, मग वडापच्या जीपा, मग घरोघर मोटारसायकली. तुझ्या पोरानं चारचाकी घेतली तेव्हा म्हणाला, 'आई, मामी, अर्ध्या तासात सोडतो की.' आपण दोघी एका सुरात म्हणालो, 'आमी चालत जानार.' तो हसला. त्याला वाटलं, म्हाताऱ्यांचा हट्ट. मीही गेल्या काही वर्षांत येताना एस.टी.नं यायची, पण परतीची वाट मात्र दोघींनी पायीच धरायची, हे कधी मोडलं नाही.

का मोडलं नाही, ते आज सांगते. माझं माहेर पार अक्कलकोटच्या पलीकडं. आई कानडी बोलायची. ती गेली, मागोमाग अण्णा गेले, घर दुसऱ्याकडं गेलं. भाऊ नाही. मला न्यायला या जन्मात कुणी मुराळी येणार नव्हता. पंचमीला गावातल्या बायका माहेरी जायच्या, झोके खेळायच्या, आणि मी लोकांच्या लेकी आणायला जायची. तर शकू, ती पाच तासांची वाट हेच माझं माहेर होतं. तुला आणायला जाते असं सगळ्यांना सांगायची आणि स्वतःच माहेरी जाऊन यायची. हे तुला कधी बोलले नाही. तुला कळलं असतं तर तू थट्टाच केली असतीस, आणि मला ते सोसलं नसतं.

आता जे सांगायचं ते सांगते. मधे बोलू नकोस.

आठ वर्षांपूर्वीची चतुर्थी आठव. आदल्या दिवशी मी तुझ्याकडं यायला निघत होते, तर तुझे दादा धुतलेला सदरा घालून, वहाणा पायात घालून दारात उभे. तुझे सासरे जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. मला म्हणाले, 'चल, यंदा मीबी येतो.'

अठ्ठावीस वर्षांनी तो माणूस हे बोलला. मी काय करायला हवं होतं? देवापुढं साखर ठेवायला हवी होती. आणि मी काय केलं? मी म्हटलं, 'म्हैस आज-उद्या व्यायला झालीय. तिच्यापाशी कोण थांबणार? आणि तिथं कुणी वाकडं बोललं तर पुन्हा राडा. पुढच्या वर्षी बघू.'

 त्यांनी वहाणा काढल्या आणि ते गोठ्यात गेले. म्हैस बारा दिवसांनी व्याली.

मला राड्याची भीती नव्हती, शकू. मला भीती होती ती माझ्या वाटेची. एकदा भाऊ न्यायला आला की मुराळिणीला कोण विचारतंय? तुम्ही बहीण-भाऊ पुढं चालला असता आणि मी मागनं पिशवी घेऊन. त्या एका दिवसावर मी वर्षभर जगायची, तो मला सोडवला नाही. पुढं त्यांनी पुन्हा विषय काढला नाही आणि मीही काढू दिला नाही.

त्याच फेरीला, भरावावर पाय सोडून बसलो असताना, तू म्हणालीस, 'एकदा आना की वैनी दादाला. आता भांडायला कोन उरलंय? आन् तुमी म्हनला तर त्यो ऐकंल.' मी तळ्याकडं बघत म्हणाले, 'बघू.' आदल्याच सकाळी मी त्यांना परत फिरवलं होतं. तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि मी तुझ्या तोंडावर 'बघू' म्हणाले. त्यानंतर तू दरवर्षी विचारलंस, आणि दरवर्षी मी तेच म्हणाले.

तू गेलीस त्या दिवशी माहेरचं पातळ घेऊन दादा आले. तू सवाष्ण गेलीस, शेवटचं नेसणं माहेरचं लागतं. हिरवं, जरीच्या काठाचं, त्यांनी स्वतः दुकानात जाऊन घेतलं. दुकानदारानं विचारलं, कुणासाठी? म्हणाले, भैनीसाठी. आणि ते पातळ छातीशी धरून ते तुझ्या अंगणात उभे राहिले. उंबऱ्यापाशी येऊन माझ्या हातात दिलं. आत मी आले. तुला मी नेसवलं. बाहेर बघितलं तर ते भर उन्हात तसेच उभे. त्या दिवशीही त्यांचा पाय उचलला नाही. मला त्यांचा राग आला, आणि दुसऱ्याच घटकेला कळलं की निम्मा राग माझा मलाच आलाय.

यंदा तुझ्या घरी सण नाही. न्यायचंही कुणी नाही. पण चतुर्थी आली तशी मला घरात बसवेना. काल पहाटे उठले, चहासुद्धा घेतला नाही. तुझे दादा म्हणाले, 'का गं?' मी म्हटलं, 'आज तुमच्यासाठी उपास धरणारं कुणी राहिलं नाही. बायकोनं भावाचा उपास धरायचा नसतो, पण मी शकूच्या बदली धरलाय. अंगणवाडीत बदलीची बाई द्यायचे ना, तसं.' ते भिंतीला टेकून बसले.  मी म्हटलं, 'उठा. वहाणा घाला. आज म्हैस नाही व्यायला आलेली.'

ओढा ओलांडला, धाकटं तळं मागं टाकलं. यंदा पाणी बरं आहे, सांडव्याच्या तोंडापर्यंत आलंय. साठी उलटलेला माणूस, पण चढाला मला मागं टाकत होता. खिंडीतनं उतरलो आणि मोठ्या तळ्याशी आलो. मी काठाकाठानं वळणार, तर ते म्हणाले, 'तिकडनं नगं. हिकडनं ये.' बाभळीच्या झुडपातनं, जुन्या दगडी पाटाच्या कडेनं एक पायवाट खाली उतरते. तळ्याला वळसाच नाही. पाव तासात पलीकडं. मी चक्रावले.

'तुम्हाला ही वाट कशी ठाऊक?'

ते थांबले नाहीत. चालता चालताच म्हणाले, 'आलोय की पाच-सा डाव. शेरडं बघायला जातो म्हनून निघायचो. त्या टोकापतोर. तितनं तिचं घर दिसतंय. अंगनात वाळवन घालताना दिसायची. मग माघारी फिरायचो.'

मी तिथंच खाली बसले आणि सगळं सांगितलं. तू विचारलेलं, मी 'बघू' म्हटलेलं, ती आठ वर्षांपूर्वीची सकाळ, आणि मी त्यांना का अडवलं तेही. काही झाकलं नाही. मला वाटलं, आता हा माणूस एक तरी शिवी देईल. त्यांनी टोपी काढून घाम पुसला.

'पाय माजे हुते,' म्हणाले. 'तुज्या म्हशीनं बांधलं न्हवतं. मला थांबायचंच हुतं, म्हनून थांबलो. आता सगळं आपल्या पदरात घेऊ नगंस.'

हे त्यांचं म्हणणं. मला ते निम्मंच पटलंय. त्यांचा वाटा त्यांनी घ्यावा, माझा मी घेते. पण एक सांगते, शकू, त्या दगडावरनं उठले तेव्हा माझे पाय हलके झाले होते.

तुझ्या दारात पोचलो तेव्हा दाजी ओट्यावर होते. आम्हाला बघून उठले आणि धावत जाऊन बाजलं अंगणात ओढायला लागले. त्यांना वाटलं, दादा बाहेरच थांबणार. दादा म्हणाले, 'ऱ्हाऊ द्या दाजी.' वहाणा काढल्या. उंबऱ्यासमोर उभे राहिले. मी सवयीनं त्यांच्याआधी आत शिरणार होते, पण मागं सरले. इतकी वर्षं मी आत गेले होते. आता त्यांनी जावं.

ते वाकून आत गेले. समोरच्या भिंतीला तुझा फोटो, त्याच्याखाली दिवा. मुराळी सासरच्या माणसांपुढं उभं राहून विचारतो तसे ते उभे राहिले, टोपी सारखी केली आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, 'शकूला न्यायला आलोय. पाठवा तिला.'

तुझी सून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. पोरगा भिंतीकडं तोंड करून होता. दाजी माझ्याशेजारी दारात. 

'न्या दादा,' ते म्हणाले. 'आवरूनच बसलीया ती. लई वर्सं झाली.'

आतनं तुझ्या दादांच्या रडण्याचा आवाज आला आणि मी ओट्यावर बसले. तुझा भाऊ आला, शकू. तुझ्या घरात गेला. आठ वर्षं आधी आला असता, तू पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली असतीस. ती आठ वर्षं मी खाल्ली. हे तुला भरावावर बसून, तोंडावर सांगायला हवं होतं. तेव्हा हिंमत झाली नाही.